वजा एकशे एकोणीस

वही केळी सोसायटीची. रकाने आधीच छापलेले:
शेतकऱ्याचं नाव, घड, वजन, घट.
मी तीन खोडले, वर लिहिलं:
तारीख, इंजिन, कोन.
‘घट’ तेवढी राहू दिली.
कशात ना कशात ती धरावीच लागते.

पहिल्या पानावर यंदाचं ठरवलेलं:
एक, छत्री दहापैकी आठदा उघडली पाहिजे.
दोन, पंख वाकडा चिकटला तर चिकटला म्हणायचं,
वाऱ्यावर ढकलायचं नाही.
तीन, एकशे वीस मीटर.
चार. पुढे काही सुचलं नव्हतं.
तो आकडा अजून तसाच,
आत या न म्हटलेल्या पाहुण्यासारखा.

सावद्याला दिवसभर मी क्विंटलमध्ये बोलतो.
रात्री ओट्यावर सोनाराचा काटा मांडतो:
नळी अकरा ग्रॅम, टोक चार, वाळलेला डिंक दीड.
यमुना म्हणते, एवढं बारीक तर
माझं मंगळसूत्रही कुणी तोललं नाही.

उंची मोजायला दोघं लागतात.
एक बटण दाबतो.
दुसरा शंभर मीटरवर, बांधाला,
काठीवर ठोकलेलं फळ्याचं कोनमापक,
त्यावर फिरती नळी, नळीला डोळा.
दुसरा म्हणजे लीलाधर. आठ वर्षं लीलाधर.
लांबून ओरडायचा, “एक्केचाळीस!
नीट लिही रे, तुह्या सातचा एक होतो.”

दिवाळीनंतर तो सुरतेला गेला, साडीच्या मिलमध्ये.
तेव्हापासून कोनाचा रकाना कोरा.
सात उड्डाणं. छत्री पाचदा.
एक रॉकेट सुकदेव फेगड्यांच्या केळीत शिरलं,
घड कापताना सापडेल, नाहीतर नाही.
उंचीच्या जागी मी लिहिलं, ‘बरंच’.
मग खोडलं.
काट्यावर कुणी बरंच म्हणून माल घेत नाही.

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. हरभरा निघालेला,
सातपुडा धुरकट, वारा अजून उठायचा होता.
बांधावर सायरा तडवी आली. पाचवीतली.
बाप पलीकडच्या बागेत पाणी भरतो.
“काय व्हय हे?”
सांगितलं. दोनदा.
तिसऱ्यांदा तिनेच मला सांगितलं, माझ्यापेक्षा थोडक्यात.
मग लीलाधरच्या मापाची काठी
दीड वीत आणखी खाली ठोकली,
आणि तिला नळीमागे उभं केलं.

फुस्स.
बगळे उठले. धुराची रेघ
वर जाऊन थोडी पूर्वेला कलली.
लाल छत्री उघडली, पिशवीचीच,
तिच्यावरचं कापडदुकानाचं नाव
इतक्या लांबून वाचता येत नव्हतं, ते बरं.
आणि बांधावरून आरोळी:
“एकशे तीऽऽस!”

एकशे तीस अंश.
ढेकळावर बसून हिशेब मांडला.
वजा एकशे एकोणीस मीटर.
म्हणजे रॉकेट वर गेलंच नाही,
काळ्या मातीत चारशे फूट खाली शिरलं.
आमचं लग्न झालं त्या वर्षी
इथे एवढ्यावर बोरला पाणी होतं.

मी हसलो. तिला वाटलं, नापास.
जवळ जाऊन पाहिलं: आकड्यांच्या दोन ओळी,
तिने बाहेरची वाचलेली. आतली म्हणत होती, पन्नास.
एकशे एकोणीस. एक मीटर घट.
तेव्हा आठवलं, कोन जमिनीपासून नाही,
बघणाऱ्याच्या डोळ्यापासून सुरू होतो;
तेवढी उंची मिळवायची असते.
टेप धरला. ती श्वास रोखून ताठ उभी.
टाच उचलू नको, म्हटलं.
एक मीटर चौदा.

एकशे वीस आणि वर थोडं.
अंशभर चुकला तर चार मीटरचा फरक पडतो,
हे मला ठाऊक आहे. म्हणून पेन्सिलीने लिहिलं.
कोनाच्या रकान्यात मात्र पेनाने, तिने ओरडला तोच:
१३०.

“आता बटण मी,” ती म्हणाली. “तुम्ही मोजा.”
मी शंभर मीटर चालत गेलो.
काठी तिच्या उंचीची.
मला वाकावं लागलं.